मुदखेड परिसरातील शाळागृहे : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

गावाचा इतिहास लिहावयास बसले म्हणजे लेखकाची दृष्टी प्रथम गढीकडे, मग देवळाकडे आणि त्यानंतर एखाद्या पुरातन बारवेकडे वळते. शाळेच्या इमारतीकडे ती सहसा वळत नाही. काळ्या दगडाच्या भिंती, वर नालीदार पत्रा, पुढे ओसरी आणि अंगणात एक कडुलिंब, यात इतिहास तो काय असावयाचा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मराठवाड्याच्या गेल्या पाऊणशे वर्षांतील सामाजिक स्थित्यंतर कोणत्या एका वास्तूत साठलेले आहे असे कोणी विचारील, तर गढीचे किंवा देवळाचे नाव न घेता या साध्या शाळागृहाचेच नाव घ्यावे लागेल. मुदखेड, उमरी, भोकर या टापूतील ज्ञातिबांधवांच्या तीन पिढ्या अशाच छपराखाली बाराखडी शिकल्या. त्या छपराची ही हकीकत वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवीत आहे.

मुदखेड हे पूर्वापार रेल्वेचे गाव. हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सिकंदराबादेहून निजामाबाद, धर्माबाद, उमरी, मुदखेड, नांदेड असे टप्पे घेत मनमाडपर्यंत पोहोचली. पुढे किनवट-आदिलाबादकडे जाणारा फाटा मुदखेडलाच फुटल्यामुळे हे स्थानक जंक्शन झाले. रेल्वेने धान्य, कापूस आणि प्रवासी जसे आणले, तसेच इमारतीचे नवे साहित्यही आणले. किनवटच्या जंगलातील सागवान, गुलबर्ग्याजवळील शहाबादची फरशी आणि दूरच्या कारखान्यांतून येणारा नालीदार पत्रा ही तिन्ही रुळावरूनच या भागात उतरू लागली. शाळागृहाचे रूप पुढे कसे पालटले हे समजण्यास ही गोष्ट ध्यानी असणे अवश्य आहे.

निजामी राजवटीत शिक्षणखात्याची परिभाषा फारसी-अरबी वळणाची होती. प्राथमिक शाळेस ‘तहतानिया’, माध्यमिकेस ‘वस्तानिया’ आणि त्यावरच्या शाळेस ‘फोकानिया’ म्हणत. मुख्याध्यापक ‘सदर मुदर्रिस’ म्हणून ओळखले जात. राज्यातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी असता राज्यकारभाराची भाषा मात्र उर्दू होती. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाल्यानंतर उच्च शिक्षणाचे माध्यमही तीच झाली. खाजगी शाळा काढावयाची तर सरकारी परवानगी लागे आणि ती सहजासहजी मिळत नसे. अशा स्थितीतही १९२१ मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली. तेथे स्वामी रामानंद तीर्थांनी अध्यापन केले आणि पुढे अंबाजोगाईस जाऊन योगेश्वरी नूतन विद्यालयाची उभारणी केली. औरंगाबादची सरस्वती भुवन, सेलूचे नूतन विद्यालय या संस्थाही त्याच चिकाटीची फळे होत. तथापि ही सारी मोठ्या गावांची कथा झाली. लहान खेड्यांत शाळा असलीच तर तिला स्वतःची इमारत क्वचितच असे.

मग शाळा भरे कोठे? देवळाच्या सभामंडपात, मारुतीच्या पारावर, चावडीत, किंवा एखाद्या सावकाराच्या वा देशमुखाच्या वाड्यातील ढाळजेत. या व्यवस्थेचे कौतुक करणारे पुष्कळ लिहितात आणि तीत एक घरगुती जिव्हाळा होता हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तिची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. देवळाच्या पायरीवर ज्यांना चढता येत नव्हते, त्यांच्या मुलांना देवळातील शाळेतही जाता येत नव्हते. चावडीत त्यांनी बाहेरच उभे राहावयाचे, वाड्यात तर त्याहून दूर. जागाच अशी असली की नियम कागदावर काहीही असो, शाळा सर्वांची होत नाही. सन १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलास प्रवेश नाकारण्यात आला. त्या प्रकरणावरून सरकारी खर्चाने चालणारी शाळा सर्व जातींस खुली असली पाहिजे, हे तत्त्व १८५८ मध्ये मान्य झाले. परंतु तत्त्व मान्य होणे आणि मुलाला भिंतीच्या आत बसावयास मिळणे यांमध्ये कित्येक दशकांचे अंतर पडले. या अंतराचे एक मोठे कारण शाळेला स्वतःची जागा नसणे हे होते.

मुलींची स्थिती याहून निराळी नव्हती. परक्याच्या वाड्यात किंवा पुरुषांचा राबता असलेल्या चावडीत मुलीस पाठविण्यास आईबाप कचरत. पुण्यास १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तीही भिड्यांच्या वाड्यातच. कोणी औदार्याने आपली जागा दिली म्हणून ते कार्य घडले. पण औदार्यावर उभे असलेले शिक्षण औदार्य आटल्याबरोबर रस्त्यावर येते. म्हणून सार्वजनिक पैशाने सार्वजनिक जागेवर उभारलेली शाळा हीच शिक्षणाच्या हक्काची पहिली खूण मानावी लागते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. त्यानंतर दोन वर्षांत लागू झालेल्या राज्यघटनेच्या ४५व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे राज्यसंस्थेस सांगितले. त्या वेळी आपली मजल कोठे होती? १९५१च्या शिरगणतीत हैदराबाद राज्यातील साक्षरांचे प्रमाण शेकडा दहाहूनही कमी भरले. नऊदशांश प्रजा निरक्षर, शिक्षक थोडे, इमारती त्याहून थोड्या, आणि मुदत दहा वर्षांची! ती मुदत पाळली गेली नाही हे सर्वविदित आहे. परंतु त्या निकडीतूनच १९५० ते १९७०च्या दरम्यान मराठवाडाभर शाळागृहांची जी पहिली पिढी उभी राहिली, ती आज आपल्या विवेचनाचा विषय आहे.

या उभारणीस तीन गोष्टींचे पाठबळ मिळाले. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समूह विकास योजना सुरू झाली. सरकारी अनुदानास गावाने पैसा, साहित्य अथवा श्रमदान यांची जोड द्यावी, हे तिचे सूत्र होते. दुसरी गोष्ट राज्यपुनर्रचनेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे जिल्हे मुंबई राज्यात आले. नांदेड जिल्ह्यातील मुधोळ तालुका तेलुगू प्रदेशात गेला व किनवट नांदेडला मिळाले. मराठी ही शाळेची भाषा म्हणून निर्वेधपणे नांदू लागली. तिसरी गोष्ट जिल्हा परिषदांची. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ साली त्यांचा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून त्या कामास लागल्या. ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्या स्वाधीन झाले. ‘जि. प. शाळा’ हे दोन अक्षरांचे बिरुद तेव्हापासून घरोघरच्या बोलण्यात रुळले.

आता या इमारतीच्या रचनेकडे वळू. आपल्याकडे जमिनीचे दोन भेद पिढ्यान्‌पिढ्या मानले जातात : काळी आणि पांढरी. काळी ती पिकाची, पांढरी ती वस्तीची. गावठाणात मोकळी जागा दुर्मिळ, म्हणून नव्या शाळेस बहुधा गावाबाहेर, काळीच्या कडेस जागा मिळाली. याचा एक लाभ झाला. शाळा कोणत्याही एका आळीची राहिली नाही. सर्व वस्त्यांना ती सारखीच परकी आणि म्हणून सारखीच आपली झाली. परंतु हानीही झाली. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. पाया खोल नेऊन मुरुमापर्यंत पोहोचविला नाही, तर जोते हलते व भिंतीस खिडकीच्या कोपऱ्यांपासून तिरप्या चिरा जातात. त्या काळच्या अनेक इमारतींच्या भिंतींवर गिलाव्याची जी ठिगळे दिसतात, त्यांचे मूळ बहुधा या मातीत असते.

भिंती काळ्या दगडाच्या, दीड-दोन फूट जाडीच्या. जुन्या घरांत दगड पांढऱ्या मातीत बसवीत. शाळेसाठी मात्र शक्य तेथे चुना वापरीत. बैल जोडलेल्या दगडी चाकाच्या घाणीत चुना व वाळू मळून तो तयार करावा लागे. पुढे सिमेंट सुलभ झाले आणि घाण्या बंद पडल्या. कोपऱ्यांचे आणि दारे-खिडक्यांच्या कडांचे दगड घडीव, मधले ओबडधोबड, अशी काटकसर सर्रास दिसते. जमिनीस शहाबादी फरशी, आणि जेथे पैसा पुरला नाही तेथे शेणाने सारवलेली भुई.

खरा बदल झाला तो छपरात. मराठवाड्यातील घराचे परंपरागत छप्पर म्हणजे माळवद. लाकडी तुळया, त्यांवर कड्या व फळ्या, आणि वर फूट-दीड फूट पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात ते घर गार ठेवते, पण त्याचे ओझे प्रचंड. त्यास मधोमध खांबांचा आधार द्यावा लागतो व दरवर्षी मृगापूर्वी माती चोपावी लागते. वर्गाच्या खोलीत मधोमध खांब असला तर मागच्या मुलास फळा दिसत नाही. कैचीवर बसविलेल्या पत्र्याने अगर मंगळुरी कौलांनी ही अडचण सोडविली. वीस फूट रुंदीची खोली खांबावाचून झाकता आली. वीस फूट लांब-रुंद खोलीत चाळीस मुले बसविली, तर प्रत्येकाच्या वाट्यास दहा चौरस फूट येतात. माळवदी घरात एवढी मोकळी जागा एका छपराखाली सामान्य माणसाने पूर्वी पाहिलेली नव्हती. देवालय आणि वाडा वगळता सामान्यांसाठी उभारलेले हे गावातील पहिलेच मोठे दालन होय.

पत्र्याचे अवगुण सर्वांस ठाऊक आहेत. चैत्र-वैशाखात तो तापतो, म्हणून शाळा सकाळची करावी लागते. आषाढाच्या सरीत त्यावर असा नाद होतो की गुरुजींचा आवाज ऐकू येत नाही. तरीही रचनाकारांनी हवेचा व उजेडाचा विचार केला होता. इमारतीची लांबी पूर्व-पश्चिम ठेवून खिडक्या उत्तर-दक्षिण काढाव्यात, म्हणजे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन वर्गात येत नाही. ऊन व पाऊस अडविण्यास ओसरी द्यावी. मुलांच्या डाव्या हाताकडून उजेड यावा, म्हणजे लिहिणाऱ्या उजव्या हाताची सावली पाटीवर पडत नाही. भिंतीच्या माथ्याशी झरोके ठेवावेत, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. हे नियम साधे आहेत, पण जेथे ते पाळले गेले त्या वर्गात विजेवाचून पन्नास वर्षे शिकविता आले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ओसरीविषयी दोन शब्द अधिक लिहिणे उचित होईल. नकाशात ती ये-जा करण्याची जागा. प्रत्यक्षात ती गावाची बैठक झाली. वर्ग अपुरे पडले की एक इयत्ता तेथे बसे. मतदान, लस टोचणे, धान्यवाटप, ग्रामसभा, पुराच्या दिवसांतील निवारा ही सारी कार्ये त्या ओसरीने पाहिली. वर्ध्याच्या १९३७च्या परिषदेतून निघालेल्या मूलोद्योग शिक्षणाची सूतकताई जेथे चालली, तेथेही मुले टकळ्या घेऊन ओसरीतच बसत. आणि घंटेच्या जागी रुळाचा तुकडा टांगण्याची रीत तर रेल्वेच्या या मुलखाला शोभून दिसणारीच होती.

याच काळात जगात इतरत्र काय चालले होते? अमेरिकेतील इलिनॉय राज्यात विनेट्का येथे १९४० साली क्रो आयलंड नावाची प्राथमिक शाळा बांधली गेली. एलिएल व एरो सारिनेन या पितापुत्रांचा तीत हात होता. प्रत्येक वर्गास दोन बाजूंनी उजेड, स्वतःचे लहान अंगण, स्वतंत्र स्वच्छतागृह आणि मुलांच्या उंचीस साजेशी बैठक, अशी तिची रचना पुढे अनेकांनी आदर्श मानली. इंग्लंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर हर्टफर्डशायर परगण्याने कारखान्यात तयार केलेले सुटे भाग जोडून भराभर शाळा उभारल्या. आपल्या दगडी शाळेची त्यांच्याशी बरोबरी करणे हे वृथा अभिमानाचे होईल. पण एक साम्य खरे आहे : मूल हा नागरिक आहे आणि त्याच्यासाठी समाजाने स्वतंत्र वास्तू बांधली पाहिजे, हा विचार तिन्हीकडे एकच होता. फरक साधनांचा. त्यांच्याकडे वर्गागणिक अंगण झाले. आपल्याकडे एका लिंबाच्या सावलीत चारही इयत्तांचे अंगण झाले. स्वच्छतागृहाच्या बाबतीत मात्र आपली उपेक्षा अक्षम्य होती. त्या पिढीतील पुष्कळ शाळांच्या नकाशात ते नव्हतेच आणि वयात येणाऱ्या मुलींच्या शाळा सोडण्याच्या कारणांत ही उणीव निश्चितपणे होती. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी व शिक्षकागणिक वर्गखोली ही शाळेची किमान अट ठरविली, तेव्हा कोठे या उणिवेस कायद्याची दखल मिळाली.

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबादकडील गावे क्षणार्धात जमीनदोस्त झाली. सरकारी गणनेप्रमाणे सुमारे आठ हजार माणसे मृत्यू पावली. मातीत बसविलेले वाटोळे दगड व माथ्यावरचे माळवदाचे ओझे यांनी झोपलेल्या माणसांस गाडले. ही वेळ दिवसाची असती तर शाळांतही काय झाले असते, या विचाराने अंगावर काटा येतो. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा आपला पिढीजात समज त्या दिवशी खोटा ठरला. भिंतीच्या दोन्ही तोंडांना जोडणारे लांब बंधदगड, दारे-खिडक्यांच्या माथ्यावरून चारही भिंतींस कवटाळणारा सलोह काँक्रीटचा पट्टा आणि हलके छप्पर, ही खरी सुरक्षिततेची लक्षणे होत. म्हणून जुनी शाळा जुनी आहे एवढ्याचसाठी राखावी, असे कोणी म्हणू नये. मुलांच्या जिवापेक्षा कोणताही दगड मोलाचा नाही.

आज त्या पिढीतील इमारती एकामागून एक धोकादायक ठरून उतरविल्या जात आहेत आणि त्यांच्या जागी स्लॅबच्या खोल्या येत आहेत. हे अपरिहार्य आहे. भिडे वाडासुद्धा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकाच्या बांधणीसाठी जमीनदोस्त करण्यात आला. परंतु इमारत उतरविण्यापूर्वी तिच्यातून काय वाचवावयाचे, याचा विचार झाला पाहिजे. त्यातील एक गोष्ट आपल्या प्रत्येक कुटुंबाच्या हिताशी निगडित आहे. ती म्हणजे शाळेचे दाखलखारीज रजिस्टर.

जातीच्या दाखल्याची पडताळणी करावयाची तर पूर्वजांच्या जुन्या नोंदी लागतात, हे सदस्य-कुटुंबांस अनुभवाने ठाऊक आहे. त्यासाठी अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींस २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक धरले जातात. त्यापूर्वीचा पुरावा मिळण्याचे सर्वांत भरवशाचे ठिकाण म्हणजे प्राथमिक शाळेचे कपाट. आजोबांनी जमीन घेतली नसेल, तर महसुली दप्तरात त्यांचे नाव नसते. पण ते दोन वर्षे जरी शाळेत गेले असतील, तरी रजिस्टरात एक ओळ असते. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरे धुंडाळण्याचे काम हाती घेतले, तेव्हा या कागदांचे मोल सर्व महाराष्ट्रास कळले. छपरातून ठिबकणाऱ्या एका धारेने किंवा कपाटातील वाळवीने एका गावाच्या शेकडो कुटुंबांचा पुरावा नाहीसा होऊ शकतो. शाळागृहाचे छप्पर धड असणे हे अशा रीतीने केवळ मुलांच्या सोयीचे नव्हे, तर साऱ्या गावाच्या हक्काचे काम ठरते.

जुन्या नोंदी वाचणाऱ्यांच्या उपयोगासाठी एक गोष्ट येथे नमूद करितो. मुक्तिपूर्व दप्तरांत उर्दू लिपी व फसली सन आढळतो. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्याने सुरू होई. म्हणून वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या नोंदीस ५९० आणि जानेवारीपासून पुढच्या नोंदीस ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. उदाहरणार्थ, फसली १३५७ हे वर्ष ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८ या काळाचे होय. ही बेरीज न कळल्यामुळे हाती आलेला कागद निरुपयोगी समजून परत करू नये.

प्रत्येक गावच्या सभासदांनी एवढे अवश्य करावे. आपली शाळा पाडण्याचे ठरले असेल, तर त्यापूर्वी तिची चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. जोत्यात बसविलेला कोनशिलेचा दगड किंवा वर्गणीदारांची पाटी असल्यास ती मोडीत जाऊ न देता नव्या भिंतीत बसविण्याविषयी ग्रामपंचायतीस व शाळा व्यवस्थापन समितीस विनंती करावी. रजिस्टरे नव्या इमारतीत जाईपर्यंत कोरड्या जागी, मुख्याध्यापकांच्या ताब्यात राहतील हे पाहावे आणि त्यांच्या प्रती काढून घेण्यासाठी रीतसर अर्ज करावा. त्या शाळेत शिकलेल्या वृद्ध स्त्रीपुरुषांस, कोण कोठे बसत असे, पाणी कोण कोणास वाढीत असे, पहिली मुलगी केव्हा आली, हे विचारून लिहून ठेवावे. हे विचारण्यास अवघड वाटणारे प्रश्न आहेत, परंतु शाळेचा खरा इतिहास त्यांच्याच उत्तरांत आहे.

दगड-चुन्याच्या त्या चार भिंतींनी एकाच फरशीवर सर्वांची मुले बसविली. हे काम एका दिवसात झाले नाही व सर्वत्र सारखेही झाले नाही. पण त्यास जागा मिळाली ती तेथे. नव्या खोलीच्या भिंतीत जुन्या कोनशिलेला जागा ठेवावी आणि तिच्या कपाटात त्या ओळी जपून ठेवाव्यात, इतके ऋण आपल्यावर खासच आहे.